गा लोक मूळचे कुठले? अक्राच्या सात पेठांमधून मिळणारं उत्तर

तुम्ही घानाच्या तेमा बंदरात नोकरी करता आणि तुमच्या पाळीतल्या तीन गा (राजधानी अक्रा आणि आसपासच्या किनाऱ्यावरचा समाज) सहकाऱ्यांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या असं लिहिलंत. पहिला म्हणतो, आमचे पूर्वज इस्रायलहून इजिप्तमार्गे आले. दुसरा म्हणतो, नायजेरियातल्या इफे आणि बेनिनकडून आले. तिसरा म्हणतो, आम्ही इथलेच, बाकीचे मागाहून आले. यातलं खरं कोणाचं, असा तुमचा प्रश्न आहे.

घानाच्या किनाऱ्याचा मौखिक इतिहास हेच माझं काम, आणि त्यातली बरीच वर्षं अक्रा आणि लेगॉनच्या विद्यापीठात गेली. माझं मत आधीच सांगते. कुठूनतरी एक 'गा' नावाची तयार जमात चालत आली आणि अक्रात उतरली, असं घडलेलं दिसत नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं आणि आधीपासून असलेली माणसं मिळून अक्राच्या मैदानावर गा झाली. म्हणून तुमच्या तिघांपैकी दोघे आपापल्या घराबद्दल खरं बोलत असू शकतात. पहिल्याचं मात्र मला पटत नाही, तिथूनच सुरुवात करते.

इस्रायलच्या कथेला आधार म्हणून तीन गोष्टी पुढे केल्या जातात. मुलांची सुंता, गांच्या होमोवो या वार्षिक सणाला दाराच्या चौकटीला लावायची तांबडी माती, आणि त्या सणाचं खमीर न घातलेलं क्पोक्पोई. ज्यूंच्या वल्हांडणाशी, म्हणजे इजिप्तमधून सुटका झाल्याच्या सणाशी, हे जुळतं खरं. पण सुंता पश्चिम आफ्रिकेत कितीतरी समाजांत होते, त्यासाठी सिनाईचं वाळवंट ओलांडावं लागत नाही. क्पोक्पोई मक्याच्या पिठाचं असतं, ताडफळाच्या सूपबरोबर खातात, आणि मका हे अमेरिकेतलं पीक. कोलंबसानंतरच तो या किनाऱ्यावर पोचला. सणाचा जुना गाभा पाहायचा तर पुजारी वर्षाच्या मध्याआधी जे धान्य विधीपूर्वक पेरतात ते पाहावं. ते आहे बाजरीच्या जातीचं. त्या पेरणीनंतर महिनाभर शहरात ढोल वाजवायला बंदी असते. होमोवो म्हणजे भुकेची हुर्यो उडवणं. दुष्काळ संपून पीक हाती आल्याची ही आठवण आहे आणि ती याच कोरड्या मैदानाची आहे. अक्राचा किनारा आसपासच्या जंगलपट्ट्यापेक्षा किती कमी पावसाचा आहे, हे तुम्ही तिथे राहून पाहतच आहात.

मग इस्रायल आलं कुठून? स्वित्झर्लंडच्या बासेल या ख्रिस्ती मिशनचे योहानेस झिमरमन यांनी गा भाषेत पूर्ण बायबल आणलं ते 1866 साली. गा भाषेतलं शाळेतलं वाचन बराच काळ याच मिशनच्या हाती होतं. आपल्या सणासारखा सण धर्मग्रंथात सापडल्यावर नातं जोडावंसं वाटणं स्वाभाविक आहे. ज्या लोकांना परके येऊन सांगत होते की तुम्हाला इतिहासच नाही, त्यांनी सर्वांत जुना माहीत असलेला इतिहास आपलासा केला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पुरावा म्हणून मात्र तो टिकत नाही.

आता पूर्वेची गोष्ट. ही जास्त वजनदार आहे, कारण ती जुनी आहे आणि शेजाऱ्यांकडेही आहे. दांग्मे लोक, म्हणजे आडा, शाई, क्रोबो, निंगो, प्रामप्राम या गावांचे, पूर्वेकडच्या सामे नावाच्या जागेची आणि लोलोव्होर टेकड्यांची आठवण सांगतात. व्होल्टा नदीपलीकडचे एवे लोक टोगोतल्या नोत्से गावच्या तटबंदीची आणि जुलमी राजा आगोकोलीची कथा सांगतात. तटाला भोक पाडून रातोरात पळालो, माग लागू नये म्हणून पाठमोरे चाललो, अशी. गांच्या कथेत तेतेतुतू नावाची, दोन नद्यांच्या मधली जागा येते. इतके शेजारी पूर्वेकडे बोट दाखवतात तेव्हा ते झटकून टाकता येत नाही.

एक गोंधळ मात्र आधी दूर करा. कथेतलं बेनिन हे नायजेरियातलं जुनं राज्य, ज्याची राजधानी बेनिन सिटी. टोगोला लागून असलेला बेनिन देश वेगळा. त्याचं नाव 1975 पर्यंत दाहोमे होतं. तुमचा सहकारी 'बेनिनहून' म्हणाला तर त्याला विचारा, कुठल्या? मी विचारते तेव्हा निम्म्या वेळा सांगणाऱ्यालाच थांबून विचार करावा लागतो.

आता भाषा तपासू. हे तुम्ही स्वतःही करू शकता, जेवणाच्या सुट्टीत, दहा मिनिटांत. गा सहकाऱ्याला आठपर्यंत मोजायला सांगा: एकोमे, एन्यो, एटे, एज्वे, एनुमो, एक्पा, क्पावो, क्पान्यो. मग एखाद्या क्रोबो किंवा आडाच्या माणसाला सांगा: काके, एन्यो, एटे, एयविए, एनुओ, एक्पा, क्पागो, क्पान्यो. आठचा शब्द दोघांचा एकच, आणि तो कसा बनलाय ते पाहा. एक्पा म्हणजे सहा, एन्यो म्हणजे दोन, क्पान्यो म्हणजे सहावर दोन. सातही तसाच, सहावर एक. सहाच्या पुढे अशी बेरीज करून मोजायची पद्धत दोन्ही भाषांत एकाच साच्यातली आहे. आता नायजेरियातल्या योरुबाचे आकडे घ्या: ओकान, एजी, एटा, एरिन, आरून, एफा, एजे, एजो. तीनचा आकडा ऐकून दचकायला होतं, एटे आणि एटा. बाकी रचना निराळी. या सगळ्या भाषा एका फार मोठ्या कुळातल्या आहेत, त्यामुळे एखादा शब्द जुळणारच. गा आणि दांग्मे मात्र सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोघींचं घर व्होल्टा आणि अक्रा यांच्यामधलं मैदान आहे. एकट्या शब्दाच्या भरवशावर किती घसरायला होतं याचं उदाहरण तुमच्याच कानात आहे. गात एकाला एकोमे म्हणतात. मराठी माणसाला लगेच 'एक' ऐकू येतो. तो निव्वळ योगायोग.

याचा अर्थ असा की चार-पाचशे वर्षांपूर्वी इफे किंवा बेनिनहून सगळी जमात आपली भाषा घेऊन आली असती, तर आज अक्रात योरुबा किंवा बेनिनच्या एदो भाषेची एखादी बहीण बोलली गेली असती. तसं नाही. गा आणि दांग्मे एकमेकींपासून वेगळ्या व्हायलाच पुष्कळ शतकं लागली असणार, आणि तो काळ त्यांनी इथल्याच परिसरात काढला असणार. पूर्वेहून माणसं आली असतील, घराणी आली असतील. ती इथली भाषा शिकली.

लेखी पुरावा कुठून सुरू होतो? पोर्तुगीज या किनाऱ्यावर 1471 च्या सुमारास आले. 1629 च्या एका डच नकाशात या किनाऱ्यामागची राज्यं एकेक करून दाखवलेली आहेत, त्यात अक्राही आहे. तेव्हा राजधानी समुद्राकाठी नव्हती, आत टेकड्यांजवळ अयावासोला होती. युरोपियन तिला मोठं अक्रा म्हणत. किनाऱ्यावरचं छोटं अक्रा हे तिचं बंदर. डचांनी 1649 मध्ये, डॅनिशांनी ओसूला 1661 मध्ये आणि इंग्रजांनी 1673 मध्ये आपापले किल्ले बांधले, पण आतल्या बाजारात कोणी जायचं हे अयावासोचा राजा ठरवत असे. हाच पैशाचा मार्ग होता आणि त्याच्यावरच शेजारच्या अक्वामू राज्याचा डोळा होता. अयावासोच्या जागी 1960 च्या दशकात पॉल ओझान यांनी पुरातत्त्वाची पाहणी केली. कालक्रम लावताना त्यांना तंबाखूच्या मातीच्या चिलमींचा मोठा उपयोग झाला. तंबाखू अमेरिकेतून आला, म्हणून ज्या थरात चिलीम सापडते तो थर त्यानंतरचा. चिलमीचा घाट दर पिढीला बदलत गेला, त्यावरून काळ आणखी बारीक मोजता येतो. वंशावळीतली नावं मागेपुढे होतात, मधला राजा गळतो. फुटक्या चिलमीला कोणाची बाजू घ्यायची नसते.

1677 मध्ये अक्वामूंनी मोठं अक्रा जाळलं. राजा ओकाय कोय या युद्धात गेला. परंपरेतली कथा अशी, की अक्वामूंचा एक राजपुत्र गांच्या दरबारात वाढला आणि तिथे त्याची सुंता झाली. सुंता झालेला माणूस अकान लोकांत (अक्वामू त्यांच्यातलेच) गादीवर बसू शकत नाही. राजपुत्राची गादी हुकली आणि अक्वामूंनी तोडलेली कातडी परत मागितली. युद्धाचं खरं कारण व्यापाराची वाट हे मला स्पष्ट दिसतं, पण ही कथा फेकून देऊ नका. गा आपल्याला अकान शेजाऱ्यांपासून नेमकं कशानं वेगळं मानतात, ते यात एका वाक्यात आलं आहे.

पुढचा भाग तुमच्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचा. 1680-81 मध्ये अक्वामूंनी किनाराही घेतला आणि राजा ओफोरी आपली माणसं घेऊन पळाला, पूर्वेकडे. आजच्या टोगोमधल्या आनेहोजवळ, तेव्हाच्या लिटल पोपोला या लोकांनी नवं राज्य उभारलं. त्याचं नाव गेन, त्यात गा नावाचाच प्रतिध्वनी आहे. म्हणजे नोंदींवरून खात्रीनं सांगता येणारं गांचं सर्वांत मोठं स्थलांतर पश्चिमेकडून पूर्वेकडे झालं आहे! अक्रा आणि आनेहो यांच्यात नंतर पिढ्यान् पिढ्या नातलगांची, व्यापाऱ्यांची ये-जा राहिली. पूर्वेला आपली माणसं आहेत, ही आठवण या येण्याजाण्यानं पक्की झाली आणि काळाच्या ओघात 'तिथे आपले लोक आहेत'चं 'तिथून आपण आलो' झालं. हे माझं अनुमान आहे, पण पूर्वेच्या कथेचा जोर इतका का आहे हे यावाचून मला उलगडत नाही.

आता अक्राच्या जुन्या भागात या, गा माशीला. आपल्या पुण्यासारख्या इथे पेठा आहेत, सात: आसेरे, अबोला, ग्बेसे, ओतुब्लोहुम, सेम्पे, अकुमाजे आणि अलाता. प्रत्येक पेठेची गादी वेगळी, मूळ सांगायची कथा वेगळी.

अलाता घ्या. इंग्रजांनी 1673 मध्ये जेम्स किल्ला बांधायला घेतला तेव्हा पूर्वेच्या किनाऱ्यावरून, आजच्या बेनिन देशातल्या अल्लाडाकडून, कामाला माणसं आणली. अलाता हे नाव त्याच अल्लाडाचं. त्यांचा पुढारी वेत्से कोजो. किल्ल्याच्या सावलीत या पेठेचं वजन वाढत गेलं आणि जेम्सटाउनची गादी याच घराण्याकडे आली. या पेठेतला माणूस 'आम्ही पूर्वेहून आलो' म्हणतो तेव्हा तो सतराव्या शतकातली खरीखुरी गोष्ट सांगत असतो. तीच गोष्ट साऱ्या गांच्या माथी मारली, की ती चुकीची होते.

ओतुब्लोहुम बरोबर उलटी. ती अक्वामूंची, म्हणजे ज्यांनी अयावासो जाळलं त्यांची पेठ. अक्वामूंचा अंमल पन्नास वर्षांच्या आत संपला. 1730 मध्ये गांनी शेजारचे अक्येम आणि इतरांच्या मदतीनं त्यांना व्होल्टापलीकडे हाकललं. पण पेठ राहिली आणि तिथली मुलं गा बोलत मोठी झाली. 1836 मध्ये याच पेठेच्या आश्रयाला ब्राझीलच्या बाहियाहून परतलेली मुक्त आफ्रिकन कुटुंबं आली. आदल्या वर्षी तिथे गुलामांचा मोठा उठाव झाला होता. कोणी काही विचारलं की ही मंडळी पोर्तुगीजमध्ये 'ता बोम', म्हणजे 'ठीक आहे', म्हणायची. लोकांनी त्यांना ताबोम नाव दिलं आणि आज ताबोमही गा आहेत, त्यांचाही मांत्से (राजा) आहे. पहिल्यांदा त्या गल्लीत गेले तेव्हा एका वृद्ध बाईंना मी विचारलं होतं, तुम्ही ब्राझीलच्या की गा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझा बाप इथे पुरलाय." पुढे मी तो प्रश्न त्या शब्दांत कुणालाही विचारला नाही.

तुमचा तिसरा सहकारी, 'आम्ही इथलेच' म्हणणारा, बहुधा एखाद्या लगूनच्या (समुद्रालगतच्या खाऱ्या तळ्याच्या) किंवा पुजाऱ्याच्या घराण्यातला असावा. गांच्याही आधी या किनाऱ्यावर ग्वान लोक होते. आवुतू आणि लार्ते हे आजही ग्वान भाषा बोलतात, आणि ला गावाजवळच्या क्पेशी लगूनच्या नावात त्यांच्याच एका शाखेचं नाव आहे. गांच्या क्प्ले नावाच्या पूजेत म्हटल्या जाणाऱ्या जुन्या गाण्यांमध्ये ओबुतूचे, म्हणजे ग्वानचे, शब्द येतात. म्हणणाऱ्यांनाही कित्येकदा त्यांचा पूर्ण अर्थ लागत नाही. देवाशी बोलायची भाषा सहसा जिंकणाऱ्यांची नसते, जमिनीच्या जुन्या मालकांची असते. नवे लोक येतात, राज्य घेतात, पण पाऊस कोण पाडतं आणि लगूनमध्ये मासे कोण आणतं हे आधीच्यांनाच ठाऊक, म्हणून पूजा त्यांच्याकडे ठेवतात.

पांढऱ्या कपड्यातला पुजारी, म्हणजे वुलोमो, आणि राजा, म्हणजे मांत्से, यांच्यात मोठं कोण, हा वाद याच जोडावर उभा आहे. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट फील्ड यांनी 1930 च्या दशकात अक्रात राहून असं मांडलं, की मूळ सत्ता वुलोमोची, आणि मांत्से हा आधी केवळ युद्धाच्या मंत्रसामर्थ्याचा राखणदार. गादी, छत्री, पालखी हा थाट अकानांकडून आला. मांत्से शब्दातला 'मान' अकान भाषेतला आहे, अर्थ गाव किंवा राज्य. 'त्से' म्हणजे बाप. फील्ड यांनी राजांना जरा जास्तच धाकटं केलं असं मला वाटतं, कारण अयावासोचे राजे डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांना दारात ताटकळत ठेवत. पण पूजा जुनी आणि गादी नवी, हे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे.

आता या कथा गोळा कोणी केल्या? कार्ल क्रिश्चन राइंडॉर्फ, जन्म 1834, बासेल मिशनचे पाद्री, गा आणि डॅनिश वंशाचे. दोनशेहून जास्त स्त्री-पुरुषांकडून त्यांनी परंपरा ऐकल्या, आणि 1895 मध्ये बासेलला त्यांचा गोल्ड कोस्ट (घानाचं तेव्हाचं नाव) आणि असांतेचा इतिहास छापला गेला. हे काम नसतं तर आज आपण आंधळे असतो, मी त्यांचं ऋण रोज मानते. त्यांच्या पानांत अक्रा, लार्ते आणि ओबुतूचे राजे समुद्रातून एकामागून एक किनाऱ्यावर आल्याची कथा आहे. गा आणि ग्वान एकाच कथेत, केवळ कोण आधी पोचलं एवढाच वाद! पण छापलेलं पुस्तक परत तोंडी परंपरेत शिरतं. इतिहासकार डेव्हिड हेनिगे यांनी शेजारच्या फान्ती किनाऱ्यावरची उदाहरणं घेऊन 1973 मध्ये हे दाखवून दिलं. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका घराण्याची सुंदर, ओघवती कहाणी ध्वनिमुद्रित केली आणि स्वतंत्र पुरावा म्हणून वापरली. दोन वर्षांनी राइंडॉर्फ पुन्हा वाचताना तोच घटनाक्रम, त्याच नावांसकट समोर आला. कुटुंबात कोणीतरी शिक्षक होते, त्यांनी तो मुलांना शिकवला होता. तेव्हापासून माझा नियम आहे, की कथेत इसवी सन आले, बायबलमधली नावं आली, किंवा सगळे राजे ओळीनं न अडखळता आले, तर आधी घरातली पुस्तकं पाहायची. अडखळत सांगितलेलं, मधेच बायकोनं दुरुस्त केलेलं, एखाद्या झाडाशी किंवा विहिरीशी जोडलेलं बोलणं मला जास्त मोलाचं वाटतं.

हा वाद एवढा पेटता का, तर जमिनीमुळे. इंग्रजांनी 1877 मध्ये राजधानी केप कोस्टहून अक्राला हलवली आणि गांची शेतं शहराखाली जाऊ लागली. स्वातंत्र्य मिळालं ते 6 मार्च 1957 ला. त्याच वर्षी अक्रात गा शिफिमो क्पे ही संघटना उभी राहिली, आणि 'गांची जमीन गांचीच' ही घोषणा रस्त्यावर आली. सरकारनं त्याच वर्षी जमातीच्या नावावरच्या पक्षांना बंदी करणारा कायदा आणला. तुमचं तेमाही यातच येतं. मूळ मच्छीमार गाव बंदरासाठी 1959 मध्ये उठवून तेमा मानहेआनला, म्हणजे नव्या गावाला, नेलं. त्यांची देवळं आणि पूर्वजांच्या जागा जुन्या ठिकाणी राहिल्या. जिथे प्रत्येक भूखंडाचा दावा 'आमचे पूर्वज आधी आले' यावर उभा आहे, तिथे उगमाची कथा सांगणारा माणूस साक्षीदारही असतो. 1957 मध्येच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या न्यायालयानं, गोल्ड कोस्टमधल्या अदजेइबी-कोजो विरुद्ध बॉन्सी या खटल्यात सांगितलं, की दोन परंपरा एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या तर जवळच्या काळात सिद्ध झालेल्या गोष्टींशी ताडून पाहा. जमीन कोण कसतं, भाडं कोणाला जातं, पूजा कोण करतं. न्यायाधीशांनी सांगितलेली ही कसोटी इतिहासकारालाही उपयोगी पडते, मी ती वापरते.

तेव्हा तुमच्या तिघांना 'गा कुठून आले' असं विचारू नका. तुझी पेठ कुठली, होमोवोला तू कोणत्या घरी जेवायला जातोस, आणि तुझ्या घराण्याची पूजा कोणत्या पाण्याची, असं विचारा. आणि ऑगस्टमध्ये गा माशीच्या होमोवोच्या आधीच्या गुरुवारी रजा काढा. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून गा माणसं ट्रक भरभरून, धान्य, कंद आणि भाजीपाला घेऊन, वाजतगाजत शहरात शिरतात. त्यांना सोबी म्हणतात, गुरुवारची माणसं. रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि कोणता ट्रक कोणत्या पेठेच्या तोंडाशी रिकामा होतो तेवढं नीट बघा.